पौषातील एक आठवडा आणि घरच्या श्रमाची खतावणी

व्यापारी घराण्यात मूल अक्षरओळखीबरोबरच वहीची ओळख करून घेते. लक्ष्मीपूजनाला नव्या चोपड्यांवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते आणि दुसऱ्या दिवसापासून जमा-नावे सुरू होते. हातातून गेलेला रुपया रोजमेळात यावा, रोजमेळातला आकडा खतावणीत जावा आणि वर्षअखेरीस ताळा जुळावा, ही आपली शिस्त. ज्या शेतकरी कुटुंबांच्या ज्वारी-तुरीवर आपल्या अडतीच्या पेढ्या पिढ्यानपिढ्या उभ्या राहिल्या, त्यांच्या घरातही हिशेब असतो. बियाणे, खत, मळणी, भाडे, अडत, हमाली या सर्वांची नोंद आबालवृद्धांच्या तोंडपाठ असते. परंतु एक नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही, ती म्हणजे घरच्या माणसांच्या श्रमाची. ही नोंद ठेवली तर काय दिसते, हे पाहण्याची संधी मला २०२५ च्या जानेवारीत मिळाली. त्या एका आठवड्याचा हा वृत्तांत आहे.

प्रथम 'लहान शेती' म्हणजे किती लहान, ते स्पष्ट करतो. सरकारी व्याख्येनुसार एक हेक्टरपर्यंत, म्हणजे सुमारे अडीच एकरांपर्यंत जमीन असणारा शेतकरी सीमांत आणि एक ते दोन हेक्टरांचा धनी अल्पभूधारक. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील दर शंभर वहिती खात्यांपैकी सुमारे ८६ खाती या दोन गटांत मोडतात. १९७०-७१ मध्ये देशातील एका खात्याचे सरासरी क्षेत्र २.२८ हेक्टर होते. २०१५-१६ पर्यंत ते १.०८ हेक्टरांवर आले. महाराष्ट्रात ही घसरण अधिक ठळक आहे, ४.२८ हेक्टरांची सरासरी १.३४ हेक्टरांवर उतरली. भावाभावांत वाटण्या होत गेल्या, बांध वाढले, वावरे अरुंद झाली. तेव्हा लहान शेती हा अपवाद नसून तोच आपल्या देशाचा सर्वसाधारण शेतकरी आहे.

मी ज्या कुटुंबाकडे राहिलो, ते बार्शी तालुक्यातील. माझ्या धाकट्या बंधूंच्या अडतीवर या घराचा माल तीन पिढ्या येतो. शेतातच वस्ती, साडेचार एकर जमीन. दोन एकर मालदांडी ज्वारी आणि तिच्यात करडईचे पट्टे, एक एकर तूर, एक एकर हरभरा, आणि विंधनविहिरीच्या पाण्यावर भिजणारा अर्धा एकर, त्यात जनावरांचा हिरवा चारा व थोडा भाजीपाला. गोठ्यात दोन दुभत्या पंढरपुरी म्हशी आणि एक वगार. तलवारीसारख्या लांब शिंगांची ही जात सोलापूर-सांगली-कोल्हापूर भागाचीच. घरात पाच माणसे आहेत. शहात्तर वर्षांच्या आजी, त्यांचे चिरंजीव, ज्यांना सारी वस्ती आबा म्हणते, वहिनी, चोवीस वर्षांचा मुलगा आणि बारावीच्या वाणिज्य शाखेत शिकणारी मुलगी. थोरली लेक सासरी नांदते.

निमंत्रण हुरड्याचे होते, परंतु त्यामागे एक कामही होते. मुलाला कर्ज काढून आणखी चार म्हशी घ्यायच्या होत्या. तालुक्याच्या गावातील एका सल्लागाराकडून त्याने प्रकल्प अहवाल करून आणला होता. "साहेब, तुमचा सारा जन्म असल्या कागदांत गेला. एकदा नजर फिरवा, मग आम्ही सही करू," असे आबा फोनवर म्हणाले होते.

अहवाल वाईट नव्हता. कर्ज चार लाख, मुदत पाच वर्षे, मासिक हप्ता सुमारे ८,७०० रुपये. म्हशींचा भाकड काळ, विमा, औषधपाणी, पेंड, चारा सारे धरलेले होते. खर्च आणि हप्ता वजा जाता महिन्याला ४,८०० रुपये शिल्लक दाखवली होती. मजुरीच्या रकान्यात मात्र एकच शब्द होता : 'घरगुती'. त्यापुढे रक्कम नव्हती. मी मुलाला विचारले, तर तो म्हणाला, "काका, घरात पाच माणसं आहेत. गडी कशाला लावायचा?"

त्याचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर तोंडी देण्यासारखे नव्हते. मी मुलीला म्हटले, "तुझा पुस्तपालनाचा विषय आहे ना? मग सात दिवस एक वही ठेव. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने एक खाते उघड. पैशांऐवजी तास लिही." तिने त्याच रात्री जुन्या वहीची कोरी पाने काढून पाच खाती आखली. मंगळवारी पहाटे पहिली नोंद पडली.

ती नोंद वहिनींच्या नावे होती, साडेचार वाजताची. पौषातील पहाट या माळरानावर बोचरी असते. चूल पेटते, पाणी तापते आणि वहिनी शेणाची पाटी उचलतात तेव्हा पूर्वेला अजून चांदणेच असते. गोठा झाडणे, म्हशींना पेंड कालवणे, पाच वाजता धार. आबा एक म्हैस पिळतात, वहिनी दुसरी. सकाळचे पाच लिटर आणि संध्याकाळचे चार. त्यांतील एक लिटर घरात राहते व आठ लिटर मुलगा दुचाकीवरून गावच्या संकलन केंद्रावर घालतो. तेथे फॅट लागते, पावती मिळते, दहा दिवसांनी पैसे जमा होतात. सहा वाजता तव्यावर भाकरी असते. आठ वाजेपर्यंत घरातील प्रत्येक माणूस कोठे ना कोठे कामाला लागलेला असतो.

मंगळवार राखणीत गेला. या दिवसांत ज्वारीचा दाणा दुधातून चिकात येतो आणि थव्यांनी पाखरे उतरतात. चिमण्या, साळुंक्या, राघू. आजी माळ्यावर बसून डबा वाजवतात आणि मुलगा गोफण फिरवतो. खडा मारून नव्हे, रिकाम्या गोफणीच्या नुसत्या फटकाऱ्याने. "पाखराचं पाखरानं खावं, आपलं आपल्याला ठिवावं, एवढंच सांगायचं असतंय त्येस्नी," असे आजी म्हणाल्या. चार तास माळ्यावर बसणे हे काम आहे की नाही, यावर त्या रात्री घरात चर्चा झाली. आजींनी स्वतःच नकार दिला. "बसून तर हुते की." मुलीने ऐकून घेतले आणि चार तास लिहिले. तिचे म्हणणे असे की, आजी बसल्या नसत्या तर दुसऱ्या कोणाला बसावे लागले असते.

बुधवारी तुरीची मळणी झाली. आठवडाभर आधी कापून रचलेल्या पेंढ्या मळणीयंत्रात घालायच्या होत्या. यंत्रवाला पोत्यावर दर घेतो आणि त्याला पुढच्या वस्तीवर जायची घाई असते, म्हणून घरची पाचही माणसे आणि दोन मजूर सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत एका लयीत राबली. मुलीने त्या दिवशी महाविद्यालय बुडवले. सहा क्विंटल तूर निघाली. दाणे पोत्यात, भुसकट जनावरांसाठी एका बाजूला, तुराट्या सरपणासाठी दुसऱ्या बाजूला. या रानात टाकाऊ असे काही निघत नाही. संध्याकाळी आजींनी एक पायली तूर सुपात घेऊन पाखडायला सुरुवात केली, वर्षाच्या डाळीसाठी.

त्या हंगामात केंद्र सरकारने तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये आणि मालदांडी ज्वारीचा ३,४२१ रुपये जाहीर केला होता. हे भाव कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून ठरतात. या आयोगाची स्थापना १९६५ ची. आयोग उत्पादनखर्च निरनिराळ्या प्रकारे मोजतो. शेतकऱ्याने प्रत्यक्ष खिशातून केलेला खर्च आणि खंडाने घेतलेल्या जमिनीचा खंड मिळून 'ए-२' होतो. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे अंदाजित मूल्य मिळवले की 'ए-२ अधिक एफ.एल.' होतो. स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याज धरले की 'सी-२' होतो. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पापासून सरकारने 'ए-२ अधिक एफ.एल.'च्या किमान दीडपट हमीभाव हे सूत्र धरले आहे. शेतकरी संघटनांची मागणी 'सी-२'वर दीडपट द्यावी अशी आहे. त्या वादात येथे शिरायचे नाही. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की घरच्या श्रमाला मोल आहे हे शासनाच्या आयोगानेही मान्य केले आहे. ज्या घरात ते श्रम होतात, तेथे मात्र ते मोल अद्याप कोणी मांडत नाही.

गुरुवारी हरभऱ्यात खुरपणी होती आणि घाट्यांवर अळी आहे का ते पाहायचे होते. वहिनी व आजी ओळीने बसून पुढे सरकत होत्या. शेजारच्या वस्तीवरील दोन बायका मजुरीने आल्या होत्या. दहा ते पाच, मध्ये जेवणाची सुटी धरून, रोज तीनशे रुपये. सात तासांचे तीनशे, म्हणजे तासाला सुमारे ४३ रुपये. त्या पाचला उठून घरी गेल्या. वहिनी पाचला उठून गोठ्यात गेल्या.

शुक्रवारी शेतीपंपाची वीज रात्रीची होती. हा प्रकार शहरात राहणाऱ्यांना नवा वाटेल. शेतीपंपांना थ्री-फेज वीज पाळीपाळीने मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की पौषाच्या थंडीत पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून दारे धरायची. एरवी हे काम एकटे आबा करीत. पण महिनाभरापूर्वी जवळच्या येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात वाघाचे छायाचित्र कॅमेऱ्यात टिपले गेले होते आणि साऱ्या भागात धास्ती होती. त्यामुळे बाप-लेक दोघेही गेले. एक दारे धरणारा, एक विजेरी घेऊन उभा राहणारा. रात्री अकरा ते पहाटे तीन. एका माणसाच्या कामाला दोन माणसांचे तास लागले. शनिवारच्या रात्रीही तसेच झाले. मुलीने दोघांच्याही खात्यावर चार-चार तास चढवले.

शनिवारी शेजारच्या गावचा आठवडी बाजार होता. भोगी तोंडावर आल्याने हिरव्या हरभऱ्याच्या डहाळ्यांना आणि मेथीला उठाव होता. भल्या पहाटे वहिनी व मुलीने तीन-तीन तास बसून डहाळे उपटले, मेथीच्या जुड्या बांधल्या आणि वहिनी सहा तास बाजारात बसल्या. ६४० रुपये झाले. वाटखर्च वजा जाता ६०० घरी आले. या सहाशे रुपयांची गोष्ट पुढे येणार आहे.

रविवारी दुपारी आम्ही आगटी पेटवली. घरासाठी बांधालगत गूळभेंडीच्या दोन-चार ओळी मुद्दाम पेरलेल्या असतात. हुरडा खावा तो तिचाच. कणसे निखाऱ्यात खुपसायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारून भूस उडवायचे आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर किंवा गुळाबरोबर गरम दाणे खायचे. शहराजवळच्या रानांत याच हुरड्यासाठी आता माणशी शेकडो रुपये मोजले जातात. येथे तो शेजाऱ्याला हाक मारून दिला जातो आणि त्याची नोंद होत नाही, होऊही नये. लहान शेतीत हिशेबाबाहेर राहावे असेही पुष्कळ काही आहे. कणगीतील वर्षाची ज्वारी, घरचे दूध, दारातली मेथी, माळ्यावर बसलेल्या आजींचा मान. ज्वारीच्या बारा-तेरा क्विंटलांतली निम्मी घरातच लागते. ते अन्न दुकानातून आणायचे ठरले तर पगारदार माणसाच्या खिशाला काय पडेल, याची कल्पना आपणा व्यापाऱ्यांना सर्वांत अधिक आहे. त्याच दुपारी चार वाजता वहिनी बचत गटाच्या बैठकीला गेल्या. "तेवढा एक तास बसायला मिळतो, म्हणून मी मीटिंग चुकवत नाही," असे त्या हसत म्हणाल्या. मुलीने तो तास लिहिला नाही. वहिनींच्या सबंध आठवड्यात पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या वेळेतला तो एकमेव तास होता, जो त्यांनी स्वतःसाठी ठेवला होता.

सोमवारी भोगी. न्हाणे झाले, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या झाल्या, पावटा, वांगे, हरभरा, शेंगदाणे घालून भोगीची भाजी शिजली. 'न खाई भोगी, तो सदा रोगी' म्हणत आजींनी सर्वांना आग्रहाने वाढले. संध्याकाळी धार झाली, जेवणे उरकली आणि मुलीने वही पुढ्यात घेतली.

खात्यांची बेरीज अशी निघाली. वहिनी १०१ तास, आबा ७० तास, मुलगा ५८ तास, आजी ३४ तास, मुलगी अभ्यास सोडून ३० तास. एकूण २९३. वहिनींच्या १०१ तासांपैकी ४७ तास स्वयंपाक, पाणी, धुणे-भांडी व झाडलोट यांचे आणि ५४ तास शेत व गोठ्याचे. म्हणजे नुसते शेत-गोठ्याचे काम धरले तरी त्यांचा आठवडा कारखान्यातील कामगाराच्या ४८ तासांहून मोठा होता; घरकाम त्यावर वेगळे. हे या एकाच घराचे वैशिष्ट्य नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिसले की, बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे.

त्यानंतर आम्ही गोठ्याचे खाते स्वतंत्र काढले. सात दिवसांत संकलन केंद्रावर ५६ लिटर दूध गेले, लिटरला पन्नास रुपयांप्रमाणे २,८०० रुपये. घरात राहिलेल्या सात लिटरांचे ३५० धरले. एकूण ३,१५०. पेंड व भुश्याचा रोख खर्च १,५००. घरचा कडबा आजवर फुकट धरला जाई. परंतु तो बाजारात विकला असता तर पैसे आलेच असते. दिवसाला दहा पेंढ्यांप्रमाणे सत्तर पेंढ्या, शेकडा १,५०० रुपये दराने १,०५०. हे सारे वजा जाता ६०० रुपये उरले. गोठ्यावर घरच्या माणसांचे सहा तास रोज, म्हणजे आठवड्याचे ४२ तास लागले. तासाला १४ रुपये पडले. शेणखताचे मोल वेगळे मिळवले तरी हा दर खुरपणीला आलेल्या बायकांच्या ४३ रुपयांच्या जवळपासही जात नव्हता.

मुलगा बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, "आणि शनिवारच्या बाजाराचं?" तेही काढले. खुडणी आणि विक्री मिळून बारा तास. पेरणी, पाणी, खुरपणीतील वाटा म्हणून आणखी तीन तास धरले. पंधरा तासांत ६०० रुपये, तासाला ४०. ज्या कामाला घरात 'आईचा खर्ची-पाण्याचा धंदा' म्हणत, त्याचा दर गोठ्याच्या जवळजवळ तिप्पट निघाला.

आता प्रकल्प अहवालाकडे वळलो. चार म्हशी वाढल्या तर रोजचे किमान आठ तासांचे काम वाढणार होते. महिन्याचे २४० तास. अहवालातील ४,८०० रुपये शिल्लक या तासांना भागली तर तासाला २० रुपये पडतात. हेच काम मजुरीने करवले तर गावच्या दराने १०,३२० रुपये लागतात, म्हणजे महिन्याला साडेपाच हजारांची तूट. अहवालातला नफा प्रत्यक्षात घरच्या माणसांची न दिलेली मजुरी होता.

"आठ तासांचं कसं करायचं ते मी ठरवलंय," मुलगा म्हणाला. "चार तास मी, दोन तास आबा."

"आन् ऱ्हायलेलं दोन?" आजींनी विचारले.

कोणी बोलले नाही. वहिनी परातीतले पीठ झाकत होत्या. त्यांच्या खात्यात जागा नव्हती, हे वहीत सर्वांना दिसत होते. उरले एकच खाते. आजींनी नातीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "दोन तास दिसत्यात थोडं. वरिसभराचं मोज की."

मुलीनेच गुणाकार केला. ७३० तास. फेब्रुवारीत तिची बारावीची परीक्षा होती आणि पुढे बी.कॉम.ला जाण्याची तिची इच्छा घरात सर्वांना ठाऊक होती. चार म्हशींचे कर्ज तिच्या शिक्षणाच्या आड येईल, असे त्या अहवालात कोठेही लिहिलेले नव्हते आणि घरातही कोणाच्या मनात तसे नव्हते. पण तास कोठून तरी येणारच होते.

येथे मुलाची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती दुर्लक्षिण्यासारखी नाही. तो म्हणाला, "काका, माझ्या वर्गातला मित्र चाकणला कंपनीत आहे. त्याला सोळा हजार मिळतात. मी इथंच राहायचं म्हणतो, तर मला काहीतरी वाढवावं लागेल ना?" त्याची अडचण खरी आहे. २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आढळले होते. त्यात पिकांतून आलेले ३,७९८ रुपये होते, जनावरांतून १,५८२ आणि मजुरी व पगारातून ४,०६३. म्हणजे शेतकरी म्हणवणाऱ्या कुटुंबालाही पिकापेक्षा मजुरीतून अधिक मिळत होते. तरुण मुलाने अशा स्थितीत शेतावर राहायचे ठरवले असेल, तर त्याला 'म्हशी घेऊ नकोस' एवढेच सांगून भागत नाही. पुढचा मार्गही शोधून द्यावा लागतो.

तो मार्ग वहीतच होता. गोठ्याच्या सहा तासांपैकी दीड तास चारा कापून आणण्यात आणि एक तास कडबा तोडून घालण्यात व पाणी पाजण्यात जात होता. विजेवर चालणारे कडबाकुट्टी यंत्र पंचवीस हजारांच्या घरात येते. कुट्टी केल्याने कडब्याची नासाडीही कमी होते. विंधनविहिरीपासून गोठ्यापर्यंत नळ टाकला तर बादल्या वाहणे थांबते. मेथी-कोथिंबिरीखाली आणखी दहा गुंठे आणता येतात, तेवढे पाणी आहे. आधी तास मोकळे करायचे, मग जनावरे वाढवायची. एकदम चार नव्हे, एक-एक. रात्री उशिरापर्यंत बोलणे झाले. शेवटी मुलाने स्वतःच ठरवले : "आधी कुट्टी आणि नळ. दिवाळीनंतर एक म्हैस. अन् मजुरीचा रकाना भरल्याशिवाय कागद करायचा नाही." आबांनी मान हलवली. वहिनी एवढेच म्हणाल्या, "नळ आधी."

या घराचा निर्णय योग्य ठरेल की नाही, हे येणारी वर्षे सांगतील. पाऊस, दुधाचा दर, पेंडीचा भाव यांवर कोणाचाच ताबा नाही. पण निर्णय घेताना त्यांच्यासमोर संपूर्ण हिशेब होता, आणि तो घरातल्या सर्वांत लहान माणसाने मांडला होता. ज्वारीची काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. मालदांडीचे ताट मुळासकट हाताने उपटावे लागते. कंबर मोडणारे काम आहे ते, आणि त्यापायी कित्येकांनी ज्वारी सोडली. तेव्हाही वही ठेवायची, असे मुलीने परीक्षेच्या धांदलीतही ठरवले होते.

आपल्या वाचकांना या साऱ्याचे काय प्रयोजन, असा प्रश्न कोणी विचारील. माझ्या मते प्रयोजन तीन ठिकाणी आहे.

पहिले, अडतीच्या गादीवर. आपल्या दुकानी माल घेऊन येणारा शेतकरी कर्ज काढण्यापूर्वी, जनावर घेण्यापूर्वी, नवे पीक करण्यापूर्वी बहुधा आपला सल्ला विचारतो. पिढ्यांचा विश्वास असतो. तेव्हा 'भांडवल किती, भाव काय' याबरोबरच 'करणार कोण आणि त्याचे किती तास जातील' हे विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. त्याच्या उचलीची वसुली सुरक्षित राहणे हेही शेवटी यावरच अवलंबून आहे. ज्या धंद्याचा नफा घरच्यांच्या न दिलेल्या मजुरीतून येतो, तो घरातले एक माणूस आजारी पडले की बसतो.

दुसरे, शेतजमीन खंडाने किंवा वाट्याने दिलेल्या कुटुंबांसाठी. आपल्यापैकी अनेकांच्या वडिलोपार्जित जमिनी गावाकडे आहेत. निम्म्या वाट्याचा करार करताना बियाणे-खताचा खर्च निम्मा धरला जातो. कसणाऱ्याच्या घरातील बायकांचे आणि मुलांचे तास कोणी धरत नाही. ते धरून वाटा ठरवणे न्यायाचे होईल.

तिसरे, आपल्याच घरात. भागीदारी पेढीत कार्यरत भागीदाराला कायद्याच्या मर्यादेत वेतन घेता येते आणि ते पेढीचा खर्च म्हणून धरले जाते. एकट्या मालकीच्या दुकानात मालकाचा स्वतःचा पगार खर्चात पडत नाही. त्याची गृहिणी दुपारी गल्ल्यावर बसते, मुले सुटीत माल बांधतात, वृद्ध वडील उधारीच्या वसुलीला जातात. वर्षअखेरीस ताळेबंदात जो नफा दिसतो, त्यात या सर्वांची मजुरी मिसळलेली असते. मुलाने नोकरी करावी की दुकान सांभाळावे, दुसरी शाखा काढावी की नाही, अशा वेळी आपण त्याच आकड्यावर विसंबतो. एक आठवडा, फक्त सात दिवस, घरातील प्रत्येकाच्या नावाचे तासांचे खाते उघडून पाहावे. घरच्या माणसांना पगार द्यावा असे माझे म्हणणे नाही. कुटुंब पगारावर चालत नाही. पण कोणाचे किती खर्ची पडते आहे, हे घराला ठाऊक असावे. वही जड नाही, शाळकरी मुलगीही ती लिहू शकते. खात्यांची पाने आखताना पहिले पान मात्र त्या माणसाच्या नावाने आखावे, जे सर्वांत आधी उठते.